समास

एप्रिलात धुळ्यात दुपारी माणूस काय करणार.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या, दार लोटलं,
आणि 'वज्रमंडळ' पुन्हा काढलं, अंक एक ते दोनशे बारा,
अठरा खंड, पाठीला पोपटी कापड,
आत खळीचा वास, कोपरे झुरळांनी चाखलेले.

बांधणी दादांची.
शिंप्याचा मुलगा, पण कापड सोडून कागद शिवला,
गल्ली नंबर चारला, जिन्याखाली,
मेण लावलेला दोरा कायम दातांत,
म्हणून बोलणं सगळं भुवयांनी.
ओसवालांच्या लायब्ररीचे अंक आमच्याकडे यायचे.
बाहेर दिवसाला दहा पैसे.
मला शिवण वाळेपर्यंत फुकट.
लायब्ररी बुडाली तेव्हा मजुरीच्या बाकीपोटी
हे अठरा खंड आले. बाकी वसूल झाली असं आई कधीच म्हणाली नाही.

आता चष्मा लावून वाचते, हातात पेन्सिल.
शहर सत्तावीस वेळा बेचिराख,
पुढच्या अंकात जसंच्या तसं, पाण्याच्या टाकीसकट.
कोणी बांधलं? दोनशे बारा अंकांत एक गवंडी नाही.
मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात एकतीस वर्षं फायली लावल्या,
एका गटाराला तीन उन्हाळे लागतात.

शलाका चौऱ्याण्णव वेळा 'सावध!' म्हणते.
मोजलंय.
अठ्ठ्याऐंशीपासून चित्रकार दुसरा :
लोहजंघाची छाती शेजारच्या चौकटीत घुसते
आणि हात म्हणजे रावेरच्या केळ्यांची फणी.
काळनाग चारदा मरतो, चौथ्यांदा त्यालाच कंटाळा आलेला दिसतो.
मुख्यालयात चहा आणणारा पोऱ्या
एकशे चाळीसमध्ये अचानक मिशीवाला.
बाकी कोणाचं वय वाढत नाही, याचंच कसं वाढलं?
चित्रकाराची चूक असणार.
मला अख्ख्या मालिकेत तीच खरी वाटली.

पण वाचायचे मी तिमिरसाठी.
सगळे मध्यभागी ओरडत असताना
हा वरच्या कडेला, कठड्यावर, तारेवर, गप्प.
ओठांपाशी दोन बारीक पांढऱ्या रेघा, वर जाणाऱ्या.
मला वाटायचं ती त्याची शक्ती,
श्वासाची वाफ, किंवा तसंच काही.
शेजारचा भिका विचारायचा, "हाऊ मुका शे का व?"
मी म्हणायचे, "मुका नही. त्याले गरज नही."

गेल्या महिन्यात पारोळ्याला, रद्दीच्या वजनकाट्यावर,
अंक सदुसष्ट. सुटा. कोणी न शिवलेला.
घरी आणून सहाव्या खंडाशेजारी उघडला
आणि तिमिर बोलत होता.

प्रत्येक चौकटीत!
शलाकेच्या वेणीवर कोटी. बटाट्यावर कोटी.
पूल कोसळताना एक, माणूस मरताना दोन.
वरच्या समासात अर्धा इंच नुसती वटवट,
त्या फुग्यांच्या शेपट्या तेवढ्या
आमच्या खंडात खाली लोंबत राहिल्या होत्या.

छापखाना कागद मिळेल तसा छापायचा, अंक लहानमोठे.
सगळ्यांत आखूड अंकाला धरून
दादा बाकीच्यांची डोकी उडवायचे.
चाक फिरवलं की सुरी उतरायची, कच्च,
आणि खाली टोपलीत चिंध्या.
त्या टोपलीतल्या कागदाने आई चूल पेटवायची.
म्हणजे हे सगळे विनोद
आमच्या कळण्याच्या भाकरीखाली जळाले.

न कापलेला अंक मी दोनदा वाचला.
प्रामाणिकपणे सांगायचं तर वाईट आहे.
लेखकाला त्या माणसाची भीती वाटत असावी,
गप्प राहू देत नाही एक क्षण.
आमचा खंड बरा.

दादांनी एकदा तरी वर वाचलं असेल का, कापण्याआधी?
चौथी पास. अक्षर लावत वाचायचे.
दोरा दातांत असताना विचारलं असतं
तर भुवई उचलली असती, एवढंच.

सदुसष्टवर स्टीलची पट्टी ठेवून पाहिली.
बरोबर बसते.
ब्लेड अजून कागदातून काढलेलं नाही.
कूलरचं पाणी संपलंय वाटतं,
नुसताच खडखडतोय.